एकट्याने जा, पण एकट्याने बुडी मारू नका

दिवाळी संपली की दवाखान्यात दोन प्रकारची मंडळी वाढतात. एक, फराळाने पोट बिघडलेली. आणि दुसरी, प्रवासाला निघालेली. दुसऱ्या प्रकारची मंडळी तशी आजारी नसतात. कोणाला गाडी लागू नये म्हणून गोळी हवी असते, तर कोणाला चारधामला जाण्याआधी रक्तदाब तपासून घ्यायचा असतो. गेल्या काही वर्षांत मात्र या मंडळींत एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. तो हातात छापील अर्ज घेऊन येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, अंदमानला चाललोय. समुद्रात बुडी मारायचा कोर्स करणार आहे. एवढी सही करून द्या."

पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून समुद्रात उतरणे, म्हणजे स्कूबा, हे आता केवळ दूरचित्रवाणीवर पाहण्याचे प्रकरण राहिलेले नाही. तारकर्ली-मालवणला दहा मिनिटे पाण्याखाली जाऊन आलेले लोक आपल्याही गावात भेटतात. त्यातल्या काहींना ती गोडी लागते आणि ते पुढे अंदमान, लक्षद्वीप गाठतात. यात एकटे जाणारेही पुष्कळ आहेत. कोणाचे मित्र ऐनवेळी रजा नाही म्हणून गळतात, कोणाच्या घरी इतरांना पाण्याची धास्ती असते, आणि कोणाला मुद्दाम एकटेच जायचे असते. त्यात गैर काही नाही. फक्त ही सहल आखताना तिकीट आणि खोली यांच्या आधी शरीराचा विचार करावा लागतो. तो कसा करावा, हे आज पाहू.

पाण्याखाली नेमके काय होते?

आपण जमिनीवर वावरतो तेव्हा आपल्यावर एक वातावरण इतका हवेचा दाब असतो. समुद्रात दर १० मीटर खोल गेले की त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट आणि ३० मीटरवर चौपट. रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाने १६६२ साली सांगितलेला नियम आपण शाळेत घोकला आहे : दाब दुप्पट झाला की वायूचे आकारमान निम्मे होते. परीक्षेनंतर विसरलेला हा नियम पाणबुड्याला मात्र जन्मभर लक्षात ठेवावा लागतो.

आपले शरीर बहुतांशी पाण्याचे बनलेले आहे. पाणी दाबले जात नाही, म्हणून हातापायांना काही होत नाही. प्रश्न येतो तो शरीरात जिथे हवा आहे तिथे. कानाची मधली पोकळी, कपाळ व गालाच्या हाडांतील पोकळ्या (सायनस), फुप्फुसे, आतडी आणि नीट न भरलेली किडकी दाढसुद्धा! या प्रत्येक जागी दाबाचा हिशेब चुकला की दुखणे उद्भवते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सर्वात मोठा बदल पहिल्या १० मीटरमध्येच होतो. "मी फार खोल जाणार नाही, मला कसली भीती?" हा समज त्यामुळे चुकीचा आहे.

कानाचे दडे

आंबोलीचा किंवा फोंड्याचा घाट उतरताना कानात दडे बसतात. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो आणि कान मोकळे होतात. घसा व मधला कान यांना जोडणारी एक बारीक नळी असते, ती उघडून दाब सारखा होतो. पाण्यात हेच काम घाटापेक्षा फार झपाट्याने करावे लागते. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच फुंकर मारल्यासारखे करायचे. अंतोनिओ व्हाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते.

यातले मर्म 'हलकेच' आणि 'आधीच' या दोन शब्दांत आहे. कान दुखायला लागल्यावर जोर लावून उपयोग नसतो, कारण तोपर्यंत ती नळी दाबाने मिटलेली असते. दर हातभर खाली गेले की एकदा कान मोकळे करावेत. नाही झाले तर थोडे वर यावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. तरीही नाही झाले तर त्या दिवशीची बुडी सोडून द्यावी. जबरदस्तीने खाली गेल्यास पडदा फाटतो, क्वचित आतल्या कानाला इजा होऊन चक्कर आणि कायमचा बहिरेपणाही येऊ शकतो.

म्हणूनच सर्दी-पडसे असताना बुडी वर्ज्य समजावी. काहीजण नाक मोकळे करणारी गोळी किंवा थेंब घेऊन उतरतात. औषधाचा अंमल पाण्याखालीच उतरला तर आत अडकलेली हवा वर येताना बाहेर पडू शकत नाही, आणि मग वर येणेच वेदनेचे होते. खाली जाणे आपण टाळू शकतो, पण वर येणे टाळता येत नाही!

विहिरीतली सवय समुद्रात नको

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, ही मोठीच जमेची बाजू. पण त्याला एक सवय जडलेली असते. छाती भरून श्वास घ्यायचा, रोखून धरायचा आणि तळ गाठून वर यायचे. सिलिंडर लावल्यावर ही सवय घातक ठरते.

कारण सोपे आहे. विहिरीत आपण काठावरची हवा छातीत घेऊन जातो. खाली ती आकसते आणि वर येताना पुन्हा होती तेवढीच होते. सिलिंडरची हवा मात्र आपण पाण्याखाली, तिथल्या दाबाने आत घेतो. १० मीटरवर छातीत ६ लिटर हवा भरून श्वास रोखला आणि तसेच वर आलो, तर पृष्ठभागावर तिला १२ लिटरची जागा लागेल. ती कुठून आणणार? फुप्फुस फाटते. हवा छातीच्या पोकळीत शिरते किंवा रक्तात मिसळून थेट मेंदूत जाते. असा माणूस वर आल्यावर काही मिनिटांतच बेशुद्ध पडतो किंवा त्याची एक बाजू लुळी पडते. भरलेल्या छातीने एक-दीड मीटरवरून घाबरून वर उसळी मारल्यानेही हे घडू शकते.

म्हणून स्कूबाचा पहिला नियम एकच : श्वास कधीही रोखू नका. सावकाश, अखंड श्वास घेत राहा.

सोडावॉटरची बाटली

गोटी सोड्याची बाटली फोडली की फसफसून बुडबुडे येतात. बंद बाटलीत दाबाखाली विरघळलेला वायू दाब उतरताच बाहेर पडतो. पाणबुड्याच्या शरीरात हेच होते. हवेत जवळजवळ चार पंचमांश नायट्रोजन असतो. दाबाखाली तो रक्तात आणि मेदात विरघळत जातो. सावकाश वर आले तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आले तर अंगातच बुडबुडे धरतात.

हा आजार पूल बांधणाऱ्या मजुरांतही दिसला. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल १८७० नंतरच्या काळात बांधला जात असताना नदीच्या तळाशी, दाबाखालील हवेच्या कोठ्यांत मजूर खोदकाम करीत. वर आल्यावर त्यांचे सांधे असह्य दुखत, काहींचे पाय लुळे पडत. खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यालाही या आजाराने गाठले. १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बेअर यांनी नायट्रोजनचे बुडबुडे हे याचे कारण असल्याचे दाखवले. १९०८ मध्ये इंग्लंडच्या जे. एस. हॉल्डेन यांनी बोकड-शेळ्यांवर प्रयोग करून, किती खोलीवरून किती टप्प्यांत वर यावे याची कोष्टके तयार केली. आज पाणबुड्याच्या मनगटावर जो छोटा संगणक असतो, त्याच्या पोटात अशाच कोष्टकांची सुधारलेली आवृत्ती असते.

हौशी पाणबुड्यांसाठी नियम असे : मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर येऊ नये आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबून मगच बाहेर यावे.

लक्षणे ओळखून ठेवा. खांदा, कोपर, गुडघा यांत खोल ठणका, त्वचेवर खाज किंवा जाळीदार चट्टे, मुंग्या, बधिरपणा, पायांतले बळ जाणे, लघवी तुंबणे, चक्कर, आणि न समजणारा प्रचंड थकवा. बहुतेकांना ही लक्षणे बाहेर आल्यापासून पहिल्या सहा तासांत दिसतात, पण कधी दुसऱ्या दिवशीही दिसू शकतात. प्रथमोपचार म्हणजे रुग्णाला आडवे झोपवून मुखवट्याने शुद्ध प्राणवायू देणे. खरा उपचार दाबकक्षात होतो. आपल्या देशात नौदलाकडे असे दाबकक्ष आहेत. "पुन्हा थोडे खाली जाऊन ये, बरे वाटेल," असा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच ऐकू नये.

'फक्त सही पाहिजे'

आता त्या छापील अर्जाकडे वळू. त्यात साधे 'होय-नाही' प्रश्न असतात. छातीचे आजार, दमा, हृदयविकार, फीट, मधुमेह, कानाची शस्त्रक्रिया, मानसिक उपचार, गर्भारपण, चालू असलेली औषधे वगैरे. वय ४५ च्या वर असल्यास धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल याबद्दल जास्तीचे प्रश्न असतात. ठरावीक प्रश्नांपैकी एकाही ठिकाणी 'होय' आले की डॉक्टरांची तपासणी व सही लागते. पुष्कळजण कटकट नको म्हणून सगळीकडे 'नाही' ठोकून देतात.

असाच एक एकोणतीस वर्षांचा तरुण माझ्याकडे आला होता. (ओळख पटू नये म्हणून इतर तपशील देत नाही.) सडसडीत बांधा, रोज सकाळी धावायला जाणारा. अर्जात सगळीकडे 'नाही'. छाती तपासायला शर्ट वर करायला सांगितला, तर उजव्या बरगडीखाली बोटाच्या पेराएवढा जुना व्रण. विचारल्यावर म्हणाला, "चार वर्षांपूर्वी अचानक छातीत हवा भरली होती. नळी घातली होती. पण आता ठणठणीत आहे. तेव्हाच पूर्ण बरा म्हणून लिहून दिलंय."

लिहून दिले होते ते खरेच होते. जमिनीवरच्या आयुष्यासाठी तो पूर्ण बरा होता. पण ज्याचे फुप्फुस एकदा आपोआप फुटले, त्याच्या फुप्फुसावर पातळ भिंतीचे फुगे असण्याची शक्यता असते. जमिनीवर असे फुप्फुस पुन्हा फुटले तर इस्पितळ गाठायला वेळ मिळतो. पाण्याखाली फुटले तर वर येताना ती कोंडलेली हवा फुगत जाते, हृदय एका बाजूला ढकलले जाते आणि माणूस पाण्याबाहेर जिवंत पोहोचेलच असे नाही. मी सही केली नाही. त्याने आगाऊ पैसे भरले होते, ते परत मिळणार नव्हते. तो रागावला. दुसरीकडून सही आणीन म्हणाला. मी म्हटले, "जरूर आणा, पण छातीच्या तज्ज्ञाची आणा आणि त्यांना हा व्रण दाखवा." तज्ज्ञांनीही तेच सांगितले. शेवटी तो अंदमानला गेला, पण सिलिंडर न लावता. पृष्ठभागावर तरंगत, काचेचा मुखवटा आणि श्वासाची नळी लावून त्याने प्रवाळ पाहिले. परत आल्यावर मला फोटो दाखवायला आला, तेव्हा राग गेला होता.

सही ही केंद्राला दाखवायची नसते, ती आपल्या जिवासाठी असते. अर्जात खोटे लिहिले तर पाण्याखालचा दाब काही आपला अर्ज वाचून वागत नाही.

कोणी जाऊ नये, कोणी विचारून जावे

ज्यांनी सिलिंडर लावून उतरूच नये असे लोक : आपोआप फुप्फुस फुटलेले, फीट किंवा फेफऱ्याचा त्रास असलेले, गर्भवती स्त्रिया, पडद्याला छिद्र असून कान वाहणारे, आणि थोड्या श्रमाने छातीत दुखणारे हृदयरोगी.

ज्यांनी तज्ज्ञाला विचारूनच जावे असे लोक : दमेकरी (विशेषतः व्यायामाने किंवा थंडीने धाप लागणारे), पूर्वी क्षय होऊन फुप्फुसात डाग किंवा पोकळी राहिलेले, इन्सुलिन घेणारे मधुमेही, छातीची किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेले, वरचेवर अर्धशिशी उठणारे, आणि मनाच्या आजारावर औषधे चालू असलेले. क्षयाचा मुद्दा मी मुद्दाम घालतो, कारण परदेशी पुस्तकांत त्याला एखादीच ओळ मिळते. आपल्याकडे मात्र घरटी नाही तरी गल्लीत एखादा जुना रुग्ण सापडतो. त्यांनी छातीचा साधा फोटो तरी काढून न्यावा.

पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी हृदयाकडे लक्ष द्यावे. पाण्यात उतरताच हातापायांतील रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावर भार वाढतो. त्यातच प्रवाहाविरुद्ध पोहावे लागले तर तो आणखी वाढतो. पाणबुड्यांच्या मृत्यूंमध्ये हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणे म्हणजे बंदी नव्हे. एक्कावन्न वर्षांच्या एका शिक्षिकाबाई रक्तदाबाची गोळी घेत होत्या. पट्ट्यावर चालण्याची तपासणी उत्तम आली, रक्तदाब आटोक्यात होता. मी आनंदाने सही केली. घरच्यांचा मात्र वेगळाच आक्षेप होता : "या वयात एकटी कशाला जातेस?" त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, एकटीने जाणे वेडेपणा आहे का हो?"

एकटे जाणे आणि एकटे बुडणे

त्यांना दिलेले उत्तर सर्वांसाठी सांगतो. एकट्याने प्रवास करणे हा वेडेपणा नाही. एकट्याने पाण्याखाली जाणे हा नवशिक्यासाठी नक्कीच आहे. स्कूबाची सगळी शिस्त जोडीदारावर उभी आहे. माझी हवा संपली तर दुसऱ्याच्या सिलिंडरमधून श्वास घ्यायचा, माझा पट्टा सुटला तर त्याने बांधायचा. एकटे उतरण्याचे वेगळे शिक्षण असते, पण त्यासाठी आधी शंभर बुड्यांचा अनुभव मागतात. तेव्हा एकट्याने जा, पण पाण्यात केंद्राने दिलेला जोडीदार आणि प्रशिक्षक यांच्यापासून दूर जाऊ नका.

एकट्या प्रवाशाचे खरे दुखणे वेगळे आहे. घरचे माणूस बरोबर असेल तर ते म्हणते, "तुझा चेहरा उतरलाय, आज राहू दे." परक्या मंडळींत असे म्हणणारे कोणी नसते. उलट आपल्यामुळे सगळ्यांची नाव थांबेल म्हणून माणूस कान दुखत असताना, रात्रभर झोप नसताना उतरतो. संध्याकाळी खोलीवर हाताला मुंग्या आल्या तर "उशीवर हात दाबला असेल" म्हणून झोपी जातो. म्हणून पुढील गोष्टी आधीच ठरवाव्यात.

एक : बुडी रद्द करण्याचा हक्क प्रत्येकाला असतो आणि त्याचे कारण सांगावे लागत नाही. पाण्याखाली अंगठा वर दाखवणे म्हणजे "छान" नव्हे, तर "मला वर जायचे आहे". सर्व ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ. नवखे लोक उत्साहाने अंगठा दाखवतात आणि प्रशिक्षक त्यांना घेऊन वर निघतो!

दोन : रोज संध्याकाळी ठरावीक वेळी घरी फोन करावा. आज किती बुड्या झाल्या, उद्या कुठे जाणार, हे सांगावे. शेजारच्या खोलीतील सहप्रवाशाला किंवा यजमानाला बुडीनंतरच्या लक्षणांची कल्पना देऊन ठेवावी.

तीन : एका कागदावर नाव, वय, रक्तगट, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे आणि घरचा फोन क्रमांक हिंदीत व इंग्रजीत लिहून तो पाण्याने न भिजणाऱ्या पिशवीत जवळ ठेवावा. त्यावरच ११२ हा आणीबाणीचा आणि १५५४ हा समुद्रातील बचावासाठीचा तटरक्षक दलाचा क्रमांक लिहावा.

चार : केंद्र निवडताना स्वस्त-महाग पाहण्याआधी चार प्रश्न विचारावेत. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे? एका प्रशिक्षकामागे किती नवशिके? नावेवर प्राणवायूचे सिलिंडर आहे का? आणि गरज पडल्यास दाबकक्षापर्यंत कोण, कसे नेणार? चौथ्या प्रश्नाचे उत्तर चटकन आले नाही तर दुसरे केंद्र पाहावे.

पाच : आरोग्यविम्याची कागदपत्रे वाचावीत. अनेक विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. पाणबुड्यांसाठी वेगळे विमे मिळतात.

दिवसांची आखणी

अंदमानला जाण्यास आपल्या लोकांना परवाना लागत नाही. लक्षद्वीपला तो आधी काढावा लागतो. अंदमानात समुद्र शांत असतो तो साधारण डिसेंबरअखेरपासून एप्रिलपर्यंत. ऑक्टोबर ते डिसेंबरात चक्रीवादळांची शक्यता असते. बोटी रद्द झाल्या तर एखादा दिवस हाताशी हवा.

विमान श्री विजयपुरमला उतरते. २०२४ पर्यंत हे शहर पोर्ट ब्लेअर म्हणून ओळखले जाई. तिथून बोटीने स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचे हॅवलॉक. बहुतेक केंद्रे तिथे आहेत. पोहोचल्याच्या दिवशी पाण्यात उतरू नये. झोप भरून काढावी, पाणी भरपूर प्यावे. अंदमान आपल्या बरेच पूर्वेला, पण घड्याळ तेच. त्यामुळे तिथे पहाटे पाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी लवकर अंधारते. नावाही सकाळी लवकर निघतात. रात्री जागण्यात अर्थ नाही. मद्य तर बुडीच्या आदल्या रात्रीही नको, कारण अंगातले पाणी कमी झाले की नायट्रोजनचा त्रास बळावतो.

ज्यांना फक्त अनुभव घ्यायचा आहे त्यांना प्रशिक्षकासोबत जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतात. प्राथमिक अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो. त्यात २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे जमावे लागते, आणि १८ मीटरपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. तीस मीटर हे त्यापुढील शिक्षण घेतलेल्यांचे काम. तेवढ्या खोलीवर नायट्रोजनमुळे दारू प्यायल्यासारखी गुंगीही येऊ शकते.

शेवटचा दिवस कोरडा ठेवा. सहलीच्या आखणीतील ही सर्वात महत्त्वाची ओळ आहे. विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका कमी ठेवलेला असतो. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना वर गेलो की पुन्हा सोड्याची बाटली! एकच बुडी मारली असेल तर किमान १२ तास आणि रोज अनेक बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये. पूर्ण २४ तास ठेवले तर उत्तम. तो दिवस राधानगरचा किनारा, सेल्युलर जेल यांसाठी ठेवावा. सावरकरांची कोठडी पाहिल्याशिवाय मराठी माणूस तसाही परतत नाही.

हाच नियम तारकर्लीलाही लागू आहे. दहा मिनिटांच्या उथळ बुडीनंतर घाट चढण्यास हरकत नाही. पण प्रशिक्षित पाणबुड्यांनी दिवसभर खोल बुड्या मारून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे घरी परतू नये. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. एक मुक्काम करावा.

प्रवाळ आणि त्याचे शेजारी

प्रवाळ म्हणजे रंगीत दगड नव्हे. ती लक्षावधी सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. समुद्र तापल्याने १९९८, २०१० आणि २०१६ साली आपल्या बेटांवरचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. हात लावल्यानेही ते मरतात आणि आपल्यालाही इजा होते. प्रवाळाचा ओरखडा लवकर बरा होत नाही, कारण त्यात बारीक कण राहतात. जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने चोळून धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे की नाही ते पाहावे. मेलेला तुकडाही आठवण म्हणून खिशात घालू नये. वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

दगडमासा, सिंहमासा यांचे काटे विषारी असतात. काटा टोचल्यास तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंशांपर्यंत) अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, वेदना कमी होतात. मग डॉक्टर गाठावा. सुंदर शंकू-आकाराचे जिवंत शंख उचलू नयेत, त्यातील काहींचा दंश जीवघेणा असतो. समुद्रसाप चावरे नसतात, पण त्यांना डिवचू नये. खाऱ्या पाण्यातील मगरींचे मात्र भान हवे. एप्रिल २०१० मध्ये याच बेटावर मुखवटा लावून पोहणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. खाडीच्या मुखाशी, तिवरांजवळ आणि सांजवेळी पाण्यात जाऊ नये. किनाऱ्यावरचे फलक पाळावेत.

औषधांची पिशवी

बोट लागते त्यांनी नेहमीची गोळी घ्यावी, पण ती आधी घरी घेऊन पाहावी. जिने झोप येते ती बुडीपूर्वी चालत नाही. जलसंजीवनीची पाकिटे, पॅरासिटॅमॉल, जंतुनाशक मलम, चिकटपट्टी, उन्हाचे मलम, डासांसाठी मलम आणि आपली रोजची औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत. हिवतापावरील मेफ्लोक्विन हे औषध पाणबुड्यांना देत नाहीत; त्याने येणारी चक्कर व भ्रम बुडीच्या आजारासारखेच दिसतात. दर बुडीनंतर कान गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत. कानात काडी घालू नये. निघण्याच्या महिनाभर आधी दंतवैद्याकडे एक फेरी मारावी.

परत आल्यावर दोन-तीन दिवसांत सांधा दुखला, मुंग्या आल्या, कान दडपला, तर आम्हा डॉक्टरांना आधी सांगा, "मी नुकता समुद्रात बुडी मारून आलो आहे." हे एक वाक्य ऐकले नाही तर आम्ही तुमच्या दुखऱ्या खांद्याला वाताची गोळी देऊन मोकळे होऊ. ते ऐकले तर तुम्हाला वेळेवर दाबकक्षाकडे पाठवता येईल, आणि आडवा होणारा पाय पुन्हा उभा राहील.

समुद्र पाहण्यासारखाच आहे. तो पाहायला एकटे निघालात तरी हरकत नाही. अर्ज खरा भरा, सर्दी असेल तर किनाऱ्यावर बसा, श्वास चालू ठेवा, सावकाश वर या आणि शेवटचा दिवस कोरडा राखा.